सभेपुरता गारवा

मित्रांनो, मी पत्र्याचा कूलर आहे. चौकोनी, बाईमाणसाच्या खांद्याएवढा उंच, एका पायाखाली विटेचा तुकडा दिलेला. माझं सगळं आयुष्य सोलापुरात गेलं, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, श्रमदीप टॉवेल उत्पादक सहकारी संस्थेच्या शेडमध्ये. कूलरला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्ही म्हणाल. वारा आत घ्यायचा, ओला करायचा, पुढं ढकलायचा. बरोबर आहे. मला फारसं काही वाटत नाही. वाटत असतं तर सोलापुरातल्या मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली उभं राहता आलं नसतं.

मी फक्त समोर घडलेलं सांगणार आहे. ते एका साहेबाच्या पगाराबद्दल आहे आणि अशा पगाराला कायद्यानं लगाम घालावा का, याबद्दल आहे. हा विषय मुलांचा नाही, असं कुणी मोठं माणूस म्हणेल. त्याला म्हणावं, आईच्या पगारात भागवतं कोण? मुलंच की.

मला मकदूम मिस्त्रीनं घडवलं. त्याचं दुकान म्हणजे एक शटर आणि बाहेर रस्त्यावर पसरलेला पत्रा. त्यानं माझ्या चारी बाजू कापल्या, रिवेट ठोकले, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या बसवल्या, आत पंखा टाकला, खाली टाकी केली. टाकीतलं पाणी वर चढवायला एक छोटा पंप. कूलरमध्ये पंप हाच जीव असतो, हे लक्षात ठेवा. पंप नसला तर कूलर म्हणजे गरम हवा फेकणारा डबा.

तेव्हा संस्था नवी होती. एक कारखाना बंद पडला, तिथली माणसं घरी बसली, मग त्यांतल्या काहींनी थोडं थोडं भांडवल घालून जुने माग विकत घेतले. जो कामगार तो सभासद, आणि जो सभासद तो मालक. पहिला नफा झाला तेव्हा त्यातून काय घ्यायचं यावर बरंच बोलणं झालं. कुणी म्हणालं, ऑफिसात गादीची खुर्ची घ्या. तेव्हा निंगप्पा अण्णा उठला. तो स्वतः मागावर उभा राहायचा, बनियनवर.

"ऑफिसात बसणाऱ्याला कसला घाम आलाय बे?" तो म्हणाला. "तिकडं शिलाईत बाया भाजून निघालेत. कूलर घ्या की."

असा मी शिलाई विभागात आलो. निंगप्पा अण्णाचं हे वाक्य मी विसरलेलो नाही. पुढं तोच निंगप्पा अण्णा काय करतो ते ऐकाल, तेव्हा तुम्हीही विसरू नका.

त्या काळी मॅनेजरचा पगार मागावरच्या माणसाच्या तिप्पट असायचा. त्याहून जास्त मागायची मॅनेजरलाच लाज वाटायची. हा नियम कुठंही लिहिलेला नव्हता. लाज कशाला लिहून ठेवायची, असं त्या भल्या माणसांना वाटलं. तिथंच चुकलं.

शिलाई विभाग म्हणजे काय, ते सांगतो. मागावरून टॉवेल थानासारखा लांबच लांब निघतो. तो कापायचा आणि त्याचे काठ दुमडून शिवायचे. काठ वाकडा गेला की टॉवेल बाद. हे काम बायांचं. माझ्या अगदी समोर कमलम्मा बसायची. तेलुगू घरातली, अंगानं बारीक, कपाळभर कुंकू. तिच्या बाजूच्या मशीनवर पुढं रुक्साना आली. ती कमलम्माला अक्का म्हणायची आणि दिवसभर तिला छळायची.

"अक्का, तुझी मशीन लई हळू चालते. बैलगाडी हाय काय?"

"तुझी लई जोरात चालती. म्हणून तर तुझा काठ अक्कलकोटला चाललाय."

त्या बाया सकाळी माझ्या टाकीत पाण्याच्या बाटल्या बुडवून ठेवायच्या. कुणी मोगऱ्याचा गजरा फडक्यात बांधून ठेवायचं, संध्याकाळी घरी जाताना घालायला. दुपारपर्यंत माझ्या वाऱ्याला मोगऱ्याचा वास यायचा. टॉवेलचा रुवा उडून माझ्या गवतात अडकायचा, मग येडू वायरमन जाळ्या काढून झोडपायचा. येडू जेऊरकडचा. जाळ्या झोडपता झोडपता म्हणायचा, "ह्या कूलरच्या पोटात एका टॉवेलाचा माल निघतोय. एक्स्पोर्ट करा की!" बाया हसायच्या. माझी स्तुती झाली ती एवढीच. मला तेवढी पुरायची.

आता सभेबद्दल सांगतो, कारण सगळं तिथंच झालं.

दर सप्टेंबरात संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा भरते. मंगल कार्यालय भाड्यानं घेतात. मला टेम्पोत घालून तिथं नेतात आणि स्टेजसमोर उभं करतात. तोंड स्टेजकडे. सभासद माझ्या पाठीमागं बसतात, म्हणजे गार वारा वर आणि गरम हवा खाली. पहिल्या वर्षी मला हे विचित्र वाटलं. पुढं काही वाटेनासं झालं.

सभेची एक रीत आहे. सेक्रेटरी विषय वाचतो, अध्यक्ष मान वर करून विचारतो, "मंजूर?" आणि सगळा हॉल हात वर करून ओरडतो, "मंजूर!" विषय कोणता, ते कुणी ऐकत नाही. मागच्या बाजूला मसालेभाताचं पातेलं उघडलेलं असतं, जिलेबी तळायला घेतलेली असते. सभा जितकी लांबेल तितका भात गार होणार. म्हणून सभासद मंजुरीची घाई करतात. एकदा सेक्रेटरीला विषय वाचताना खोकला आला, तर हॉलनं खोकलाही मंजूर केला. खोटं नाही सांगत. सगळे पोट धरून हसले. मीसुद्धा हसलो असतो, हसता आलं असतं तर. जेवणानंतर प्रत्येक सभासदाला एक टॉवेल भेट मिळतो. तो याच बायांनी शिवलेला असतो, पण परदेशी गिऱ्हाइकानं नाकारलेला.

मग गुरुराज साहेब आले. कार्यकारी संचालक. पुण्यात शिकलेले, शांत बोलणारे. साहेब काही करत नव्हते असं मी म्हणणार नाही. ते आले तेव्हा निम्मे माग बंद होते. त्यांनी फोन केले, परदेशी फेऱ्या मारल्या, ऑर्डरी आणल्या. माग परत सुरू झाले. आपला माल जर्मनीच्या हॉटेलात जातो, हे बायांना कळलं तेव्हा त्या दिवसभर खुशीत होत्या. रुक्साना म्हणाली, "जर्मनीचा माणूस आंघोळ करून माझ्या काठानं तोंड पुसणार बघ." त्यावर कमलम्मा म्हणाली, "तुझा काठ असला तर नाक कापून घेईल."

पण दर सभेत एक विषय यायला लागला. कार्यकारी संचालकांच्या मानधनात वाढ. मंजूर? मंजूर! पुढच्या वर्षी परत. मंजूर? मंजूर! ऑफिसात एसी आले. अध्यक्ष झालेल्या निंगप्पा अण्णाच्या केबिनमध्येही एक लागला. आणि बायांचा पगार कायद्यानं जेवढा कमीत कमी द्यावा लागतो, तेवढ्यावर येऊन थांबला. एका पैशानं पुढं नाही. होता होता चाळीस बायांचे पगार एकत्र केले तर साहेबांचा एक पगार व्हायला लागला.

मग एका उन्हाळ्यात माझा पंप जळला. येडूनं अर्ज दिला. वरून उत्तर आलं, यंदा खर्चात कपात आहे. मी कोरडाच चालत राहिलो. त्या दिवसांत शेडमध्ये माझ्यासमोर बसणं म्हणजे चुलीसमोर बसणं होतं. बायांनी बाटल्या ठेवणं बंद केलं. टाकीत पाणी कशाला भरायचं? एक दिवस कुणीतरी माझं तोंड भिंतीकडे वळवलं.

सप्टेंबर आला. सभेच्या आदल्या दिवशी येडू एक पंप घेऊन आला आणि मला बसवला. मी पाणी चढवलं, गार वारा सोडला. बाया बघायला आल्या.

"आला बाई पंप," कमलम्मा म्हणाली.

"भाड्याचा हाय," येडू खाली मान घालून म्हणाला. "सभा झाली की परत द्यायचाय. सायबास्नी स्टेजवर गरम होतंय न्हवं."

बाया मशीनवर परत गेल्या. दुसऱ्या दिवशी मी स्टेजला गारवा दिला, तिसऱ्या दिवशी येडूनं पंप काढून नेला. पुढं दरवर्षी असंच. जीव घालायचा, काढायचा. तुम्ही विचाराल, राग आला का? मला सांगता येत नाही. पत्र्याची आधी वाजायची सवय जाते, मग त्याला वाकायची सवय लागते.

कमलम्मा शेडमधून घरी गेल्यावर विड्या वळायची. सोलापुरात अशा कितीतरी बाया आहेत, दिवसा कारखाना आणि संध्याकाळी तेंदूचं पान. दोन्ही कामं बोटांची. हळूहळू तिच्या बोटांच्या टोकांना कळेनासं झालं. टॉवेलचा काठ दुमडलाय की सुटलाय, हे शिलाईवाल्या बाईला डोळ्यांनी कळत नाही, बोटाला कळतं. तिच्या बोटाला कळेना. डॉक्टरनं सांगितलं, विड्या सोडा, नाहीतर बोटं जातील. पण विड्या सोडल्या तर घर चालत नव्हतं. शेडचा पगार थोडा जरी वाढला असता तरी तिनं विड्या सोडल्या असत्या. मित्रांनो, या गोष्टीत पणाला लागलं होतं ते एवढंच. एका बाईची दहा बोटं.

रुक्सानाला हे सगळ्यांच्या आधी कळलं, कारण कमलम्माचे चुकलेले काठ उसवून तीच गुपचूप परत शिवत होती. एका जेवणाच्या सुट्टीत ती माझ्यावर डबा ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "आपण मालक हाय ना? मग ठराव आणू. साहेबाचा पगार सगळ्यात कमी पगाराच्या चाळीस पटीच्या वर जायचा नाय. वर न्यायचा असला तर आधी खालचा वाढवायचा."

"आन् ह्यो ठराव पाळणार कोण?" येडू म्हणाला. "पगार चाळीस पट दाखवतील, आन् गाडी, बंगला, पोराची फी, सगळं संस्थेच्या खात्यावर घालतील. माणसं लई हुशार असत्यात."

"मग गाडी-बंगला बी पगारातच धरायचा."

"तू लई वकील झालीस."

"वकिलाला पगार जास्त असतो येडूभाऊ. मी शिलाईवालीच बरी."

कमलम्मा म्हणाली, "साहेब रागानं निघून गेला तर? ऑर्डर त्यानं आणली. ते खरं हाय की."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ठरावाला पाठिंबा मिळवायला रुक्साना मागांवर, पॅकिंगमध्ये, रंगाच्या हौदापाशी फिरली. सगळे म्हणाले, हो बाई, आम्ही आहोत. मग एके दिवशी साहेब स्वतः शिलाई विभागात आले. स्टूल ओढून बसले. त्यांना घाम आला. मी कोरडाच चालू होतो.

"माझ्या पगारावर चर्चा चाललीय असं कळलं."

"चर्चा नाय साहेब," रुक्साना म्हणाली, "ठराव हाय."

"ठीक आहे. मला तिरुपूरच्या एका कंपनीनं याच्या दीडपट देऊ केलंय. तरी मी इथं आहे. माणसाची किंमत बाजार ठरवतो, रुक्सानाबाई. मी नाही ठरवत."

"मग आमचा बाजार कुठं भरतो ते सांगा. आमी बी जाऊन बसतो."

बाया हसल्या. साहेबही हसले, आणि मनापासून हसले.

"हे बघा साहेब," रुक्साना पुढं म्हणाली, "तुमाला कोण अडवतंय? तुमाला निम्म्यानं वाढ पायजे? घ्या. आमाला बी निम्म्यानं द्या. आमी दोरी बांधा म्हणतोय. फास नाय म्हणत."

साहेबांनी रुमालानं मान पुसली. मग म्हणाले, "खरं सांगू? सरकारनं कायदा केला, सगळ्या कारखान्यांना सारखा लागू केला, तर मीही गप्प बसेन. कारण मग तिरुपूरवालाही मला दीडपट देऊ शकणार नाही. पण एकट्या श्रमदीपनं हे केलं, तर उद्या माझ्या जागी इथं कुणी चांगला माणूस येणार नाही. बाकीच्यांची दारं उघडी आणि आपलंच बंद, असं कसं चालेल?"

मित्रांनो, मला ते पटलं. हसू नका. त्या दिवशी शेडमध्ये कायद्याच्या बाजूनं सगळ्यात चांगलं कोण बोललं असेल तर ते साहेब. ज्याच्या पगाराला लगाम घालायचा, त्यानंच सांगितलं की लगाम सगळ्यांना एकदम घातला तर चालतो. फक्त ते जे बोलले, ते त्यांनी शिलाई विभागात सांगितलं. स्टेजवर नाही.

सभेचा दिवस आला. भाड्याचा पंप आला. मी स्टेजसमोर उभा राहिलो. हॉल भरला होता, हवा दमट, माणसं घामानं थबथबलेली. रुक्साना आणि कमलम्मा डावीकडं तिसऱ्या ओळीत. ठराव रुक्सानाचा, अनुमोदन कमलम्माचं. कमलम्मानं नवी साडी नेसली होती.

रुक्सानाचा विषय सगळ्यात शेवटी ठेवला होता. तोपर्यंत मागून भाताचा वास सुटला. अहवाल मंजूर. ताळेबंद मंजूर. हिशेब तपासनीस मंजूर. साहेबांच्या मानधनातली वाढ, तीही मंजूर. प्रत्येक वेळी हात वर, हात खाली. लाटच ती. मग रुक्साना उठली आणि बोलायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "ऐकू येईना! तो कूलर बंद करा!"

येडू माझ्याकडे आला. त्यानं बटणाला हात लावला, तसा स्टेजवरचा कुणी काही बोलायच्या आतच पुढच्या ओळीतून आरडा झाला.

"राहू दे बे! गरम होतंय!"

खरं तर त्या ओळीला माझा वारा येतच नव्हता. माझं तोंड स्टेजकडे. पण कूलर चालू आहे, एवढ्यावरच त्यांना गार वाटत होतं. येडूनं हात काढला.

रुक्साना माझ्या आवाजावर आवाज चढवून बोलली. चांगलं बोलली. दोरी आणि फास परत सांगितलं. ज्यांना ऐकायचं होतं त्यांना ऐकू गेलं, हे मी खात्रीनं सांगतो. मग ती बसली आणि अध्यक्ष निंगप्पा अण्णा उठले. त्यांनी माइक जवळ घेतला. घाई नाही, गडबड नाही. प्रत्येक शब्द स्वच्छ.

"सभासदांनो, आपल्या भगिनीनं विषय मांडला, तिचं कौतुक. पण संचालक मंडळानं विचार केलाय. हा ठराव फेटाळावा, अशी मंडळाची शिफारस आहे." आणि मग नेहमीसारखी मान वर करून, नेहमीच्याच चालीत, "मंजूर?"

"मंजूर!"

हॉल दणाणला. सगळे हात वर. मागवाल्यांचे, पॅकिंगवाल्यांचे, रंगवाल्यांचे, ज्यांनी हो बाई आम्ही आहोत म्हटलं होतं त्यांचे. आणि तिसऱ्या ओळीत, डावीकडं, नव्या साडीतला एक हात. कमलम्माचा. उजवा. बोटं पसरलेली.

रुक्सानानं त्या हाताकडे बघितलं. मग कमलम्मानंही स्वतःच्या हाताकडे बघितलं. तो खाली घ्यायचं तिला सुचेना. शेजारच्या बाईनं तो धरून खाली घेतला.

माणसं जेवायला उठली. रुक्साना पंगतीतून वाट काढत निंगप्पा अण्णापाशी गेली. अण्णा ताटात जिलेबी घेत होते.

"अण्णा, परत मत घ्या. लोकांना कळलंच नाय."

"का गं? मी मराठीतच बोललो की."

"सवयीनं हात वर गेले. तुमाला ठाऊक हाय."

"बाई, सगळा हॉल मंजूर म्हणला. तुझी कमलम्मा बी म्हणली. मी वरनं बघितलं. अनुमोदन देणारीच मंजूर म्हणती, मग मी काय करू?" त्यांनी जिलेबीचा तुकडा मोडला. "लोकशाही हाय. जेव जा. गार होतंय."

रुक्साना परत आली. कमलम्मा रिकामं ताट घेऊन उभी होती.

"मी काय केलं गं?"

"काय नाय. भात घे."

"माझ्या तोंडातनं गेलं. मला कळलंच नाय कधी गेलं."

"घे म्हणते ना भात."

दोघी जेवल्या. शेजारी शेजारी. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, असं आता वाटतं. तेव्हा काही वाटलं नाही. जाताना दोघींना एकेक टॉवेल मिळाला. दुसऱ्या दिवशी येडूनं माझा पंप काढून नेला.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात नवीन काही नाही. पगार वाढला नाही. विड्या सुटल्या नाहीत. कमलम्माचे काठ सुटत गेले आणि रुक्साना तरी किती उसवणार? सुपरवायझरनं एक दिवस कमलम्माला मशीनवरून उठवलं आणि धागे कापायला बसवलं. जमिनीवर. किमान वेतनाच्या कायद्यात त्या कामाची पायरी खालची, म्हणून पगारही खालचा. तिची मशीन दुसऱ्या बाईला दिली. कमलम्मा कात्री धरते तेव्हा कात्री बोटात आहे की नाही, हे तिला डोळ्यांनी बघावं लागतं.

आता मी जे म्हणतो ते ऐका. मोठी माणसं म्हणतात, पगार किती द्यायचा ते मालकांनी ठरवावं, सभेनं ठरवावं, सरकारनं मध्ये नाक खुपसू नये. मोठ्या कंपन्यांच्या कायद्यात वरच्या पगाराला मर्यादा आहे म्हणे, पण सभेनं ठराव केला की ती ओलांडता येते. मी सभा बघितल्यात. समोर उभं राहून बघितल्यात. ज्याचा पगार ठरायचा तो स्टेजवर गार वाऱ्यात, ज्यांनी ठरवायचा ते खाली घामात, आणि मागं भात. अशा सभेच्या हातात कुलूप दिलं तर ते उघडंच राहणार. बायांना निदान एवढा तरी पगार मिळतो, तो कुणाच्या दयेनं मिळत नाही. तो किमान वेतनाचा कायदा आहे म्हणून मिळतो. त्या कायद्याला सभेची मंजुरी लागत नाही. मग खालच्या पगाराला कायद्याची जमीन आणि वरच्या पगाराला आभाळ मोकळं, हे कुठलं माप? येडू म्हणतो पळवाटा काढतील. काढतील. किमान वेतनातही काढतात. म्हणून तो कायदा मोडीत काढा, असं कुणी म्हणतं का?

पण कायदाही आभाळातून पडत नाही. तोही कुठल्यातरी सभेत, कुणीतरी हात वर करूनच होतो. म्हणून आता शेवटचं सांगतो.

मी शेडच्या कोपऱ्यात असतो. माझ्यावर सुताचे रिकामे कोन आणि चिंध्यांचं गाठोडं ठेवलेलं असतं. या वर्षी रुक्सानानं जेवणाच्या सुट्टीत एक खेळ सुरू केला. ती स्टुलावर उभी राहते, अण्णांसारखी मान वर करते आणि वाट्टेल ते विचारते. परवाही तेच झालं.

"आज चहात साखर कमी होती. उद्या दुप्पट. मंजूर?"

"मंजूर!" बाया ओरडल्या.

"येडूभाऊला दुसरी बायको करून द्यायची. मंजूर?"

"मंजूर!"

"पयली मारून टाकील मला!" येडू ओरडला. शेड हसली.

रुक्साना हसली नाही. त्याच चालीत, त्याच वेगात तिनं पुढचा विषय घेतला. "कमलम्माची बोटं गेलीत, तिला कामावरनं काढून टाकायचं. मंजूर?"

"मंजूर!"

सगळ्यांनी म्हटलं. हात वर होते.  मग एक बाई तोंडावर पदर धरून खाली बसली. कमलम्मा जमिनीवर धाग्यांच्या ढिगाशेजारी होती. तिनं एकेकीच्या हाताकडे बघितलं.

"झालं की," ती म्हणाली. "काढलं मला."

"अक्का..." कुणीतरी म्हणालं.

"अक्का-बिक्का नको. मी बी अशीच म्हणले होते." ती रुक्सानाकडे वळली. "परत विचार."

रुक्सानानं परत विचारलं.  "कमलम्माला कामावरनं काढायचं. मंजूर?"

या वेळी एकही हात वर गेला नाही. सवय नव्हती. तो शब्द कुणी कधी उच्चारलाच नव्हता, जीभ कुठं लावायची ते बायांना ठाऊक नव्हतं. मग मागून एक बारीक आवाज आला, "नामंजूर." मग दुसरा. मग चार-पाच. एकसारखा नाही, लाटेसारखा तर नाहीच. एकेक, वेगवेगळा, अडखळत. इतक्या वर्षांत मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला.

सप्टेंबरात सभा आहे. रुक्सानानं ठराव परत दिलाय. काय होईल मला माहीत नाही. कमलम्माची बोटं परत येणार नाहीत, एवढं माहीत आहे.

मित्रांनो, माझी जपणूक करा, मला तेलपाणी करा, असं मी सांगणार नाही. मी पत्रा आहे, भंगारात जाईन. तुम्ही मात्र उद्या मोठे व्हाल, कुठल्यातरी सभेत बसाल, वर कुणीतरी मान उचलून विचारेल. भात गार झाला तरी चालेल. वाक्य पुरं होईपर्यंत हात खाली ठेवा.